बोनेटवरचे टवके: घरच्या घरी, सावकाश

ताम्हिणी घाटातून माणगावकडे उतरताना पुढे खडीचा डंपर लागला, की माझं अर्धं लक्ष रस्त्यावर आणि अर्धं त्याच्या मागच्या फाळक्यावर असतं. अंतर ठेवावं तर मागचे हॉर्न वाजवून जीव घेतात, जवळ जावं तर ‘टक्’. त्या क्षणी काही दिसत नाही. दुसऱ्या दिवशी फडका मारताना बोनेटच्या पुढच्या कडेजवळ मोहरीएवढा ठिपका दिसतो, बोट फिरवलं की खळगा लागतो. रंगाचा टवका उडालेला असतो.

गॅरेजमध्ये दाखवलं की उत्तर ठरलेलं असतं: ‘साहेब, पूर्ण बोनेट मारावं लागेल.’ त्यात त्याची लबाडी नसते. बोनेटच्या मधोमध एवढाच तुकडा स्प्रे करून तो बाकीच्या रंगात बेमालूम मिसळणं अवघड असतं, आणि तुम्ही परत तक्रार घेऊन येणार हे त्याला माहीत असतं. पण चार मोहऱ्यांपायी कंपनीचा रंग घासून काढायला माझं मन धजत नाही. तो रंग कारखान्यातल्या भट्टीत भाजलेला असतो. सर्वात खालचा गंजरोधक थर साधारण १६० ते १८० अंशांना, वरचा पारदर्शक थर १४० अंशांच्या आसपास. असेंब्ली झालेली गाडी वायरिंग आणि प्लॅस्टिकसकट इतकी तापवताच येत नाही, त्यामुळे बाहेरचं कोणतंही गॅरेज तो थर तसाच परत देऊ शकत नाही. विम्याचा दावाही इथे परवडत नाही. नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यावर मिळणारी सूट, पहिल्या वर्षी २० टक्के आणि पुढे चढत ५० टक्क्यांपर्यंत जातो. टवक्यांसाठी दावा केलात की तो शून्यावर.

म्हणून टवके घरीच भरायचे. अपेक्षा मात्र आधीच ठरवून घ्या. काम नीट जमलं तर चार पावलांवरून काही दिसणार नाही, वीतभर अंतरावरून तुम्हाला दिसेल आणि पाहुण्याला बहुतेक दिसणार नाही. गंज मात्र थांबेल, आणि खरं काम तेच आहे. टवका अदृश्यच करायचा या हट्टाने घासत बसलेल्या माणसांनी गाड्या बिघडवल्या आहेत. त्यांतला एक मी.

आधी खळग्यात डोकावून बघा

गाडीचा रंग म्हणजे एक थर नव्हे. पत्र्यावर फॉस्फेटची प्रक्रिया, त्यावर विजेच्या साहाय्याने बसवलेला ई-कोट, मग प्रायमर, मग प्रत्यक्ष रंग म्हणजे बेस कोट, आणि सर्वात वर पारदर्शक क्लिअर कोट. एवढं सगळं मिळून जाडी साधारण १०० ते १३० मायक्रॉन, म्हणजे झेरॉक्सच्या एका कागदाइतकी किंवा किंचित जास्त. त्यातही ज्याला आपण रंग म्हणतो तो बेस कोट १५-२० मायक्रॉनच असतो. वरची चकाकी ४०-५० मायक्रॉनच्या क्लिअरची. पुढे घासताना हे आकडे आठवा.

मोबाइलचा टॉर्च तिरका धरा आणि टवक्याचा अगदी जवळून फोटो काढून मोठा करून बघा. खळग्याच्या तळाचा रंग पुढचं सगळं ठरवतो. तळाशी गाडीचाच रंग पण जरा फिका दिसला, तर फक्त क्लिअर उडाला आहे. राखाडी किंवा पांढरट मॅट दिसला, तर प्रायमर. गडद राखाडी, काळपट दिसला, तर ई-कोटपर्यंत घाव गेला आहे, पण तो थर शाबूत असेल तर पत्रा अजून झाकलेला आहे आणि घाई नाही. चकचकीत धातू दिसला तर मात्र पावसाळ्याची वाट बघू नका. तांबूस कडा दिसली, तर गंजाने सुरुवात केलेली आहे. समुद्राजवळ राहणाऱ्यांनी, म्हणजे अलिबाग, रत्नागिरी, मालवण, पणजी, मुंबईचा किनाऱ्याकडचा भाग, तर आठवडाभराचाही आळस करू नये. हवेतल्या मिठाने गंज फार लवकर धरतो. लगेच काम करायला वेळ नसेल तर खळगा कोरडा पुसून वर पारदर्शक चिकटपट्टीचा तुकडा लावून ठेवा. चार दिवस निभावतं.

एक लोहचुंबक हाताशी ठेवा, फ्रिजवरचा चालेल, फक्त मध्ये पातळ फडका धरा. बंपर प्लॅस्टिकचा असतो हे सगळ्यांना माहीत असतं, पण काही गाड्यांचे पुढचे फेंडरही प्लॅस्टिकचे आणि काहींचं बोनेट ॲल्युमिनियमचं असतं. चुंबक चिकटला नाही तर तांबडा गंज हा प्रश्नच नाही.

आता कशाला हात लावायचा नाही ते. वाटाण्याहून मोठा टवका, पोचा आलेला पत्रा, मॅट रंगाची गाडी आणि क्लिअरचे पोपडे सुटलेलं छप्पर, ही कामं घरची नाहीत. सर्वात फसवा प्रकार म्हणजे टवक्याभोवती फुगलेला रंग. दरवाजाच्या खालच्या कडेला किंवा चाकाच्या कमानीवर रंगाला फोड आलेला दिसला, तर गंज आतून येतो आहे. वरून कितीही रंग लावा, सहा महिन्यांत तो फोड दुप्पट होऊन भेटेल.

पांढरा म्हणजे कुठला पांढरा?

दुकानात जाऊन ‘पांढऱ्या गाडीचा टचअप द्या’ म्हणणं म्हणजे किराण्याच्या दुकानात ‘डाळ द्या’ म्हणण्यासारखं आहे. मारुती-सुझुकीचा सुपिरियर व्हाइट हा २६यू, टोयोटाचा सुपर व्हाइट हा ०४०, होंडाचा टॅफेटा व्हाइट हा एनएच-५७८. तिन्ही शेजारी ठेवले की एक निळसर, एक पिवळसर असे फरक दिसतात. एकाच कंपनीचेही दोन-तीन पांढरे असतात.

त्यामुळे कोड शोधा. बहुतेक गाड्यांत चालकाचा दरवाजा उघडल्यावर मधल्या खांबावर स्टिकर किंवा पट्टी असते, नाहीतर बोनेटखाली धातूची पट्टी असते. फोक्सवॅगन-स्कोडाच्या गाड्यांत डिकीत स्टेपनीच्या खड्ड्याशीही स्टिकर सापडतो. पट्टीवर चासिस नंबर, इंजिनाचा प्रकार, आतल्या सजावटीचा कोड असं बरंच काही लिहिलेलं असतं. त्यात रंगाचा कोड कुठला हे कळलं नाही तर फोटो काढून सर्व्हिस सेंटरच्या पार्ट्स काउंटरवर दाखवा. चासिस नंबरवरून ते लोक एका मिनिटात सांगतात.

कोड मिळाला की तीन वाटा. कंपनीचा टचअप पार्ट्स काउंटरवर मिळतो. ऑनलाइन कोडनुसार किट मिळतात. तिसरी वाट म्हणजे गाड्यांचा रंग वजनकाट्यावर मिसळून देणारी दुकानं; पुण्यात नाना पेठेच्या आसपास, मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडकडे चौकशी केली तर सापडतात. गाडी सात-आठ वर्षांची, उन्हात उभी राहिलेली आणि लाल असेल, तर मी तिसरी वाट धरेन. उन्हाने लाल रंग विटतो, आणि कोडनुसार आलेला ताजा लाल त्याच्यावर कुंकवाच्या टिकलीसारखा दिसतो. इंधनाच्या टाकीचं झाकण दाखवून हुशार मिसळणाऱ्याकडून विटलेल्या रंगाशी जुळवून घेता येतं.

पेन, ब्रशवाली बाटली आणि स्प्रेचा डबा यांपैकी मी बाटलीच घेतो. पेनाचं टोक दाबलं की कधी काहीच येत नाही आणि कधी डबकं होतं. स्प्रेचा डबा टवक्यासाठी मुळीच नको. मोहरीएवढ्या खळग्यासाठी तळहाताएवढा रंग उडवायचा आणि मग तो घासत बसायचं, हा उलटा धंदा आहे. टू-के असं लिहिलेल्या, हार्डनर मिसळलेल्या स्प्रेमध्ये आयसोसायनेट असतं. त्याचे फवारलेले कण फुप्फुसाला घातक असतात आणि साध्या कापडी मास्कने ते अडत नाहीत.

बेस कोटबरोबर क्लिअरची वेगळी बाटली घ्या. बेस कोट सुकल्यावर मॅटच दिसतो, चमक क्लिअरची असते. काही जुन्या गाड्यांचा साधा पांढरा किंवा लाल रंग एकाच थराचा असतो. ओळखायची खूण सोपी आहे: न दिसणाऱ्या कोपऱ्यावर कापडाने थोडं रबिंग कंपाउंड, म्हणजे घासून चमक आणायची पेस्ट, चोळा. कापडावर गाडीचा रंग उतरला तर एकथरी, नाही उतरला तर वर क्लिअर आहे. मोत्यासारखी झाक असलेल्या काही पांढऱ्या रंगांत तर तीन थर असतात, खाली पांढरा, मध्ये झाकेचा, वर क्लिअर. अशा रंगाचं किट दोनच बाटल्यांचं आलं असेल तर परत पाठवा.

बाटली आली की आधी गाडीला हात लावू नका. लग्नपत्रिकेच्या पांढऱ्या जाड कागदावर दोन हात मारा, सुकू द्या, अर्ध्या भागावर क्लिअर द्या आणि तो तुकडा सावलीत बोनेटवर धरून बघा. ओल्या रंगावरून काही ठरवू नका; सुकल्यावर आणि क्लिअर चढल्यावर छटा बदलते.

जमवाजमव

आयसोप्रोपाइल अल्कोहोल, करोनापासून हे कुठेही मिळतं. दातकोरण्या. स्टेशनरीच्या दुकानातला चित्रकलेचा शून्य किंवा तीन शून्य नंबरचा ब्रश. कानात घालायच्या काड्या. सहाशे, दोन हजार, अडीच हजार आणि तीन हजार नंबरचे वॉटर पेपर, म्हणजे पाण्यात भिजवून घासायचे घासकागद. मास्किंग टेप, तीच पिवळट कागदी, खाकी नव्हे. खोडरबर. दोन-तीन स्वच्छ मायक्रोफायबर कापडं, बारीक रबिंग कंपाउंड, पॉलिश. पत्रा उघडा पडला असेल तर धातूसाठीचा प्रायमर, गंज असेल तर रस्ट कन्व्हर्टर. थिनर थोडासा, ब्रश धुवायला.

बाटलीच्या झाकणाला आलेला ब्रश या कामासाठी फार जाडा असतो. त्याला फेकू नका, दरवाजाच्या कडांना उपयोगी पडतो.

दिवस कुठला निवडायचा

दिवाळी ते होळी. याला मुहूर्ताचं नव्हे, हवेचं कारण आहे. पावसाळी दमट हवेत रंगातलं द्रावण उडताना पृष्ठभाग थंड पडतो, हवेतली वाफ त्यावर बसते आणि क्लिअर दुधाळ होतो. मे महिन्यात उन्हातल्या गाडीचं बोनेट हात ठेववत नाही इतकं तापतं. तिथे रंगाचा थेंब पसरायच्या आत वरून सुकतो आणि आत बुडबुडे राहतात. २० ते ३० अंश, कोरडी हवा, सावली आणि वारा बेताचा. हाताची मागची बाजू बोनेटवर ठेवा. गार लागलं पाहिजे. गाडी नुकतीच चालवून आणली असेल तर इंजिनाची ऊब जायला दोन तास द्या. कोकणात थंडीच्या दिवसांत सकाळी पत्र्यावर दव असतं, तेव्हा दहा वाजेपर्यंत थांबा.

सोसायटीच्या पार्किंगमध्ये करणार असाल तर झाडूवाल्या मावशी येऊन गेल्यावर सुरू करा. आणि थिनर-अल्कोहोल उघडं असताना जवळपास बिडी-सिगारेट, उदबत्ती काही नको. वॉचमन हमखास गप्पा मारायला येतो आणि खिशात हात घालतो.

स्वच्छता: इथे घालवलेला वेळ वाया जात नाही

गाडी शाम्पूने धुवा. बोनेटच्या पुढच्या भागावर आणि दरवाजांच्या खाली डांबराचे काळे ठिपके असतील तर रॉकेल किंवा टार रिमूव्हर लावलेल्या फडक्याने काढा, आणि तो तेलकटपणा जाईपर्यंत पुन्हा शाम्पू. मग पूर्ण कोरडी करा. खळग्यात अडकलेलं पाणी फडक्याने निघत नाही. फुंकर मारू नका, तोंडातली वाफ जाते. लहान बाळाचं नाक साफ करायचा रबरी फुगा मिळतो, तो उत्तम.

आता कापडाला अल्कोहोल लावून टवका आणि भोवतीचा चार बोटं भाग पुसा. वॅक्स, पॉलिश आणि विशेषतः डॅशबोर्ड चमकवायच्या स्प्रेमधलं सिलिकॉन तिथे राहिलं, तर रंगाचा थेंब पसरत नाही, मध्येच भोक पडून कडेला पळतो. गॅरेजमध्ये याला ‘फिश आय’ म्हणतात. एकदा झाला की पुसून पहिल्यापासून.

टवक्याच्या कडा नेहमी मजबूत नसतात, दगडाच्या आघाताने भोवतीचा रंग उचलला गेलेला असतो. मास्किंग टेपचा तुकडा टवक्यावर दाबून बसवा आणि झटक्यात ओढा. सुटायचं ते सुटू द्या. टवका मोठा झाला म्हणून हळहळू नका, ते आज सुटलं नसतं तर रंगासकट पुढच्या महिन्यात सुटलं असतं. मग दातकोरणीने कडेने हलकेच फिरून बघा.

गंज असेल तर सहाशे नंबरच्या पेपरचा मसुराएवढा गोल कापून काडीच्या टोकाला फेविक्विकने चिकटवा. तोच आपला ग्राइंडर. खळग्याच्या आतच फिरवा, बाहेरच्या रंगाला लागू देऊ नका. धातू चमकेपर्यंत. खोल छिद्रांत काळे ठिपके राहतातच, त्यांच्यासाठी रस्ट कन्व्हर्टर. त्यातलं टॅनिक किंवा फॉस्फरिक आम्ल गंजाशी संयोग करून स्थिर, काळपट थर बनवतं. दातकोरणीच्या टोकावर मावेल एवढाच थेंब, फक्त गंजावर. बाहेर सांडला तर लगेच पुसा. बाटलीवर जितके तास लिहिले असतील तितके थांबा. इथे अधीर झालेल्यांचा गंज रंगाखाली चालू राहतो आणि मग दोष रंगाच्या बाटलीला जातो.

प्रायमर, रंग, क्लिअर

प्रायमर फक्त उघड्या धातूवर. ई-कोट किंवा जुना प्रायमर शाबूत असेल तर ही पायरी सोडा. दातकोरणीने एकच पातळ थर, तळ झाकला जाईल इतका. खळगा प्रायमरने भरून काढायचा मोह होतो. मग रंगाला जागाच राहत नाही आणि शेवटी मधोमध राखाडी डोळा चमकतो. लांबी, म्हणजे पुट्टी, तर टवक्यात नकोच.

प्रायमर सुकला की रंगाची बाटली दोन मिनिटं घड्याळ लावून हलवा. आतल्या गोळीचा आवाज आला पाहिजे. मेटॅलिक रंगात ॲल्युमिनियमच्या बारीक चकत्या असतात, त्या तळाशी बसतात आणि न हलवता लावलेला रुपेरी रंग मळकट दिसतो. एक थेंब बाटलीच्या झाकणात काढा. ब्रशचं टोक किंवा दातकोरणी त्यात बुडवून जादा निथळा. आता चित्र काढल्यासारखा ब्रश ओढू नका. टोक खळग्याच्या मध्यभागी टेकवा आणि उचला. थेंब स्वतःच कडेपर्यंत सरकतो. सांगोवांगी हे पटत नाही, एकदा करून बघितलं की हाताला कळतं.

पहिला थर सुकल्यावर आकसून इतका खाली बसतो, की काही लावलंच नाही असं वाटतं. बरोबर आहे, द्रावण उडून गेलेलं असतं. अर्ध्या तासाने दुसरा, मग तिसरा, लागला तर चौथा. प्रत्येक थर पातळ. एका जाड थेंबात काम उरकलं तर वर साय धरते, आत ओलं राहतं आणि महिन्याभराने मध्ये खड्डा पडतो. कडेबाहेर रंग गेला तर कानाच्या काडीला अल्कोहोल लावून ताबडतोब पुसा.

रंग भोवतीच्या पातळीच्या किंचित खाली असतानाच थांबा. पातळी क्लिअरने गाठायची आहे.

तास-दोन तासांनी, किटवर लिहिलंय त्याप्रमाणे, क्लिअर. हाच टेकवून उचलायचा खेळ, दोन किंवा तीन थर. शेवटच्या थरानंतर बोटाला अगदी किंचित उंचवटा लागला पाहिजे, पोळीवर राहिलेल्या पिठाच्या कणासारखा. त्याहून उंच नको.

आणि आता गाडीची किल्ली घरातल्या दुसऱ्या कुणाकडे देऊन टाका. दोन दिवस पाणी नको, पावसात नेऊ नका. वॅक्स महिनाभर नाही. हा रंग भट्टीत भाजलेला नाही, तो हवेवर सुकतो आणि पूर्ण कडक व्हायला दिवस लागतात. किमान आठवडाभर घासायचं नाव काढायचं नाही.

समतल करणं, आणि माझी फजिती

माझ्या पहिल्या गाडीचं बोनेट गडद निळं होतं. पहिल्या टवक्याचं काम इतकं झकास झालं की माझ्यात कारागीर संचारला. दुसरा टवका बोनेटच्या उंच घडीला लागून होता. दोन हजारचा पेपर संपला होता, घरात पंधराशेचा होता. तोच बोटाखाली धरून घासला. पेपरमधून बोटाचा दाब एका रेषेत पडतो, आणि घडीवर क्लिअर मुळातच पातळ. दोन मिनिटांत घडीवर निळसर पाणी वाहू लागलं. ते निळं पाणी म्हणजे माझ्या गाडीचा रंग होता, हे कळायला आणखी अर्धा मिनिट गेला. मोहरीएवढ्या टवक्याच्या जागी बोटभर लांबीचा निस्तेज पट्टा आला आणि शेवटी पूर्ण बोनेट मारून घ्यावं लागलं.

म्हणून पहिला सल्ला हा, की घासू नका. पांढऱ्या, रुपेरी, राखाडी गाडीवर किंचित उंचवटा राहिला तरी कुणाला दिसत नाही. घासायचं ते काळ्या, गडद निळ्या, मरून गाडीवर, जिथे उजेडात तो थेंब चमकतो. आणि कधीही कडेवर, घडीवर, बॅजच्या जवळ नाही. जुनी विकत घेतलेली गाडी असेल आणि तो भाग आधी रंगवलेला आहे असा संशय असेल, तर तिथेही नाही. त्यावर क्लिअर किती आहे कुणास ठाऊक.

घासायचंच असेल तर असं. खोडरबराचा नखाएवढा चौकोन कापा, त्याला अडीच हजारचा पेपर गुंडाळा. पेपर दहा मिनिटं पाण्यात भिजवलेला, पाण्यात शाम्पूचा एक थेंब. थेंबाभोवती मास्किंग टेपची चौकट केली तर सुरुवातीला बाजूचा रंग वाचतो. फक्त उंचवट्यावर, वजन न देता, दहा वेळा पुढे-मागे. पुसा. टॉर्च तिरका धरून बघा. उंच भाग मॅट दिसेल, भोवतीचा चमकेल. पुन्हा दहा वेळा. पाणी दुधाळ आलं तर तो क्लिअर आहे. गाडीच्या रंगाचं पाणी दिसलं की त्या सेकंदाला हात उचला. थेंब जवळजवळ सपाट झाला की टेप काढा, तीन हजारच्या पेपरने चार-पाच हात, आणि मग मायक्रोफायबरवर वाटाण्याएवढं कंपाउंड घेऊन हाताने गोल-गोल. मशीन नको. चमक परत येते. शेवटी पॉलिश. टूथपेस्टने होतं असं सांगणारे भेटतील; होतं थोडंफार, पण पेस्टमधला कण किती खरखरीत आहे ते नळीवर लिहिलेलं नसतं.

बंपर आणि दरवाजाची कड

बंपरवरचे टवके मी मुद्दाम शेवटी ठेवतो. तिथे गंज नाही, त्यामुळे घाईही नाही, आणि पुढचा दगड तिथेच बसणार आहे. काळं प्लॅस्टिक दिसत असेल तर साधा प्रायमर धरत नाही, प्लॅस्टिकसाठीचा प्रायमर किंवा अधेशन प्रमोटर लागतो, नाहीतर रंग एका प्रेशर वॉशमध्ये उडून जातो. बाकी कृती तीच, समतल करायच्या फंदात न पडता.

दरवाजाच्या कडा म्हणजे शिकाऊ माणसासाठी सर्वोत्तम जागा. पार्किंगच्या खांबावर आपटून उडालेले तिथले टवके नजरेच्या रेषेत नसतात, हात चुकला तरी चालतो, आणि तिथे पत्रा उघडा पडलेला असल्याने कामही खरोखरचं असतं. बोनेटला हात लावण्याआधी तिथे तीन-चार भरून बघा. झाकणाचा जाड ब्रश इथेच वापरायचा.

मेटॅलिक रंगाबद्दल एक कबुली देऊन ठेवतो: तो कधीच शंभर टक्के जुळत नाही. कारखान्यात स्प्रेने त्या ॲल्युमिनियमच्या चकत्या आडव्या बसतात, ब्रशच्या थेंबात त्या कशाही पडतात. मग ठिपका एका बाजूने गडद आणि दुसऱ्या बाजूने फिका दिसतो. बाटली चुकीची आली असं समजून दुसरी मागवू नका.

पुढचे टवके

डंपर आणि खडीच्या ट्रॅक्टरमागे अंतर हा एकमेव फुकटचा इलाज. घाटात शक्य नसेल तर दोन मिनिटं कडेला थांबून चहा घ्या. पैसे घालायचे असतील तर पीपीएफ, म्हणजे पारदर्शक पॉलियुरेथेन फिल्म. ती साधारण १५० ते २०० मायक्रॉनची असते, म्हणजे पूर्ण रंगाहून जाड, आणि दगडाचा आघात सोसते. पूर्ण गाडीला लावणं मला उधळपट्टी वाटते. बोनेटचा पुढचा पट्टा, बंपर आणि आरशांची मागची बाजू एवढं पुरतं. सिरॅमिक कोटिंग दगडापासून वाचवतं असं कुणी सांगितलं तर ऐकून सोडून द्या. तो थर एक-दोन मायक्रॉनचा. पाणी छान ओघळतं, खडीला त्याचं काही वाटत नाही. चाकामागच्या मडफ्लॅप्सना मात्र हसू नका. दरवाजांच्या खाली बसणारे टवके तुमच्याच पुढच्या चाकांनी उडवलेल्या खडीचे असतात.

उरलेल्या बाटलीच्या तोंडाची आटी थिनरच्या काडीने पुसा, नाहीतर पुढच्या वेळी झाकण पकडीने उघडावं लागेल. बाटलीवर रंगाचा कोड आणि तारीख लिहा, झाकणावर टेप गुंडाळा आणि घरातल्या थंड कपाटात, मुलांच्या हाताबाहेर ठेवा. गाडीच्या ग्लोव्ह बॉक्समध्ये नको. उन्हाळ्यात तिथे रंगाचा गोळा होतो, आणि झाकण सैल असेल तर आरसी बुकचाही रंग बदलतो.